खुंटीवरचा पट्टा

१

कुत्रा या प्राण्याशी माझं कधी जमलं नाही. नोकरीत असताना ज्या दारात जाईन तिथलं कुत्रं आधी माझ्या पँटच्या टोकाकडे बघायचं आणि मग माझ्याकडे. त्यामुळे त्या रविवारी सकाळी अहल्या फोनवर "अण्णा, दुलई नाही रे" म्हणत रडायला लागली, तेव्हा मला वाटलं पांघरायची दुलई हरवली असेल. एका पांघरुणासाठी एवढं रडू नये, असं मी तिला म्हणालोसुद्धा. त्यावर ती आणखी रडली.

अहल्या माझी मामेबहीण. नवरा गेल्यावर के. आर. पुरमच्या पुढे वाट्याला आलेल्या जमिनीवर तिने दोन उद्योग एकदम काढले. पुढच्या बाजूला, गावाला जाणाऱ्या लोकांची कुत्री सांभाळायच्या खोल्या. मागच्या बाजूला रोपवाटिका. कुत्रं सोडायला आलेला माणूस जाताना गुलाबाचं कलम घेऊन जातो, आणि कढीपत्त्याचं रोप न्यायला आलेली बाई आमच्या टायगरला ठेवून घ्याल का म्हणून विचारते, असा तिचा हिशेब होता. नातेवाइकांनी नाकं मुरडली. पण त्या वर्षांत बंगळुरात कंप्युटरवाली नवी मंडळी लोंढ्याने येत होती. त्यांना हौसेने कुत्रंही पाहिजे असायचं आणि ऊठसूट अमेरिकेलाही जायचं असायचं. अहल्याचं बरं चाललं होतं.

मी शेषगिरी. विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करून निवृत्त झालो. जळलेली दुकानं, भिजलेला माल, मेलेली जनावरं, यांतलं खरं किती आणि बनाव किती हे बघण्यात हयात गेली. तेव्हापासून खानदानात कुणाचा चमचा हरवला तरी मलाच बोलावणं येतं. चिकपेटेतून बस बदलत, धुळीने माखून मी अहल्याकडे पोचलो. तिने पाणीही न विचारता मला थेट दुलईच्या खोलीपाशी नेलं.

दुलई म्हणजे एक म्हातारी, पांढरी, झुबकेदार स्पिट्झ कुत्री. हृदयाने अधू, गोळ्यांवर चाललेली. सयाजी, म्हणजे कुत्र्यांची देखभाल करणारा अहल्याचा माणूस, उजाडताच फाटक उघडून दूध आणायला गेला होता. तेवढ्या वेळात दुलई नाहीशी झाली. बाकीची कुत्री अनोळखी माणूस दिसला की आकाशपाताळ एक करतात, पण अहल्याला घरात भुंकणं ऐकू आलं नव्हतं.

खोलीच्या जाळीच्या दाराची कडी बाहेरून नीट लावलेली होती. दुलईची ताटली नव्हती, ती जिच्यावर झोपायची ती जुनी साडी नव्हती, कोनाड्यातली गोळ्यांची बाटली नव्हती. गळ्यातला पट्टा मात्र खुंटीला टांगलेला होता. मी हात लावून बघितला, तो ओला होता. कुणीतरी तो धुऊन तिथे लावला होता.

आणि खोलीच्या मधोमध, जिथे दुलई बसायची तिथे, सोनचाफ्याचं रोप लावलेली एक कुंडी ठेवलेली होती.

२

"तिची मालकीण आज दुपारी येणार आहे," अहल्या म्हणाली. "काल संध्याकाळी फोन आला. मंगळवारी विमानाने घेऊन जाणार म्हणे. काय सांगू रे तिला मी?"

सांगायची वेळ लवकरच आली. मालकीण दुपारची वाट न बघता सकाळीच आली, नवऱ्याच्या मारुतीतून. कस्तुरी तिचं नाव. पुण्याची, इथल्या एका कंप्युटर कंपनीतली, अंगात जीन्स आणि हातात कुत्र्याला विमानातून न्यायचा भलाथोरला प्लास्टिकचा पिंजरा. तो पिंजरा तिने अंगणात टेकवला आणि हसत हाक मारली, "दुलई, ए दुलू!" सगळ्या खोल्यांतून भुंकणं आलं. हवं ते आलं नाही.

अहल्याने तिला सांगितलं तेव्हा ती किंचाळली नाही, भांडलीही नाही. त्या पिंजऱ्यावरच बसली. तिचा नवरा तनय पोलिसांत जाऊ, पेपरात देऊ असं बरंच काही बोलत राहिला. मी कोण हे कळल्यावर कस्तुरी माझ्याकडे वळली.

"काका, मी थोडक्यात सांगते. आई लहानपणीच गेली. बाबा पुण्यात एकटे होते, ते आणि दुलई. बाबा गेले तेव्हा मी इथे होते, मीटिंगमध्ये. घर भाड्याचं होतं, ते सोडलं. कपाटं, भांडी, सगळं वाटून टाकलं. बाबांचा आवाज ऐकलेलं, त्यांच्या मांडीवर बसलेलं असं जिवंत काही आता उरलेलं नाही. एक दुलईच आहे. बाकी मला काही नको."

हे सगळं ती शांतपणे बोलली. मला कुत्री आवडत नाहीत हे खरं, पण मला त्या मुलीचं फार वाईट वाटलं. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांची छत्री वर्षभर कुणाला उघडू दिली नव्हती.

वडिलांच्या माघारी दुलईला तिने बंगळुरात आणलं, पण तिचा घरमालक कुत्रं ठेवू देईना. म्हणून अहल्याकडे ठेवलं. सुरुवातीला दर रविवारी येऊन बसायची. मग कंपनीने अमेरिकेला पाठवलं ते महिनोन् महिने तिकडेच. आता नवराबायको कायमचे निघाले होते आणि दुलईला न्यायला ती आली होती.

पोलिसांत जायला मी संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. पोलीस एका म्हाताऱ्या कुत्रीसाठी किती धावतील ते मला ठाऊक होतं. तनय पटकन "ठीक आहे" म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला, आणि त्याच वेळी सयाजीने त्याच्याकडे असं बघितलं की मी ते डोक्यात ठेवून दिलं.

३

सयाजीला मी आधी गाठलं. शिवाजीनगरात लहानाचा मोठा झालेला मराठा गडी, बोलायला फटकळ. तिथल्या बाजारात पांढऱ्या कुत्र्यांना मागणी असते ना रे, असं मी विचारलं, तर तो माझ्यावरच उखडला. मागणी पिल्लांना असते, हृदय बिघडलेल्या म्हातारीला कोण विचारतो, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच होतं. मग मी तनयचं नाव काढलं. त्याने आवाज खाली आणला.

"काल सांजच्याला आलता तो, अण्णा. बायकोला न सांगता. मला म्हणाला, ही कुत्री आजारी आहे असं तुझ्या अक्काला माझ्या बायकोपाशी सांगायला सांग. मी म्हटलं, आजारी हाय ते खरंच हाय, मग त्यात सांगायला सांगायचं काय?"

तनयला मी मारुतीपाशी पकडलं. तो अस्सल मुंबईकर, बोलायला मऊ. आधी उडवाउडवी केली, मग खरं काय ते बोलला. कुत्र्यांच्या डॉक्टरने त्याला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की हे हृदय एवढ्या लांबच्या प्रवासाला टिकेल असं वाटत नाही. विमानाच्या पोटात, अंधारात, एकटं. कस्तुरीला त्याने ते सांगून बघितलं होतं. ती ऐकूनच घेत नव्हती. दुलई विमानात मेली तर आपली बायको त्यातून कधी सावरणार नाही, ही त्याची भीती. म्हणून कुत्री इथेच राहील असं अहल्याकडून वदवून घ्यायला तो आला होता, पण ती घरात कुणाशी तरी बोलत होती, तो धीर न होऊन परत गेला.

"पण मी नाही नेली, अंकल. न्यायची असती तर ते झाड कशाला आणून ठेवलं असतं? मला तर गुलाब सोडून एक झाड ओळखता येत नाही."

हेतू होता, संधी होती, पण कुंडी त्याच्या हिशेबात बसत नव्हती. शिवाय त्याला बघून सगळी कुत्री सकाळपासून कंठशोष करत होती. तो पहाटे आला असता तर अहल्या जागी झाली असती.

राहिली भार्गवी. रोपवाटिका म्हणजे भार्गवीच. अहल्या फक्त गिऱ्हाईक बघायची. भार्गवी आमच्यातलीच, पिढ्यान् पिढ्या इथे असलेल्या मराठी घरातली. नवरा लग्नानंतर थोडक्या वर्षांत गेला, मूल नाही, भावांच्या घरी भांडी घासत तारुण्य गेलं. अहल्याने तिला मातीत हात घालायला दिले तेव्हापासून बाई जरा माणसात आली होती. मी गेलो तेव्हा ती पिशव्यांतल्या रोपांना पाणी घालत होती, साडी खोचलेली, कोपरापर्यंत चिखल.

चाफ्याची कुंडी तुझ्याकडचीच ना, असं मी विचारलं. हो म्हणाली. हे तिचं लाडकं कलम, गिऱ्हाइकांनी कितीदा मागितलं तरी तिने विकलं नव्हतं, एवढं मला सयाजीकडून कळलं होतं. ते दुलईच्या खोलीत कसं गेलं, यावर ती खाली बघून पाणी घालत राहिली. एका रोपाला इतकं घातलं की पिशवी भरून वाहायला लागली.

कुणी कुत्री चोरून नेताना दिसलं का, असं विचारल्यावर मात्र तिने मान वर केली.

"चोर कुणी आलेला मी बघितला नाही, अण्णा."

"आणि तू? तुझा काही संबंध?"

"मी साकलेलं पोर ते. मी कशाला चोरू?"

साकणं म्हणजे पाळणं. कानडीतला शब्द, पण आमच्या घरांतल्या मराठीत तो इतका मुरलाय की वेगळा ऐकूच येत नाही. मलाही आला नाही. मी तिची विचारपूस केली, नव्या जागेचं विचारलं. शनिवारीच तिने भाड्याची खोली बदलली होती. कशी आहे जागा, म्हटलं.

"स्वल्प अंगण आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली. अंगण आहे म्हणून कुणी रडत नाही. पण बायकांच्या रडण्याचा अर्थ लावत बसायचं नाही, ही माझी जुनी खोड. मी तिला घरी जाऊन पड म्हणालो आणि स्वतःच आपल्या हाताने तिला तिथून जाऊ दिलं.

४

जेवण झाल्यावर मी पुन्हा त्या खोलीत जाऊन उभा राहिलो. पट्टा एव्हाना वाळला होता. चोर कुत्रं नेतो तो पट्ट्यासकट नेतो, साखळी अडकवायला तोच लागतो. ओळख पुसायची म्हणून काढलाच तर वाटेत गटारात फेकतो. धुऊन खुंटीला लावणारा चोर मी आयुष्यात बघितला नव्हता.

आणि एकदम मला दोड्डबळ्ळापूरकडचा एक दावा आठवला. एका माणसाने गाय मेली म्हणून विम्याचा दावा ठोकला होता. दाखला होता, साक्षीदार होते, सगळं कसं चोख. मी गोठ्यात गेलो आणि खुंटीकडे बघितलं. गाईचं दावं धुऊन, वळून, खुंटीला टांगलेलं. मी तिथेच दावा फेटाळला. आमच्या या भागात जनावर विकलं किंवा दिलं की त्याच्याबरोबर जुनं दावं जात नाही. दावं देणाऱ्याच्या खुंटीला राहतं, नाहीतर घराची बरकत जनावरामागून जाते म्हणतात. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. मेलेल्या गाईचं दावं मात्र कुणी जपून ठेवत नाही, ते तिच्याबरोबर पुरतात. त्या बहाद्दराने गाय विकली होती.

मी खुंटीवरचा पट्टा हातात घेतला. ज्याने दुलईला नेलं, त्याने ती चोरली नव्हती. त्याच्या लेखी ती त्याला दिलेली होती. म्हणून तर जुना पट्टा ज्याचा त्याला परत. म्हणून तर ताटली, साडी, गोळ्या, तिला लागेल ते सगळं बरोबर. आणि जनावर फुकट घेऊ नये, तर त्याच्या जागी आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं काय ते ठेवलेलं.

ते कलम कुणाचं, हे मला माहीत होतं. कुत्री कुणाला बघून भुंकत नाहीत, तेही सांगायला नको. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. भार्गवी खोटं बोलणारी बाई नव्हती. सकाळी तिने मला सांगितलेला शब्दन् शब्द खरा होता, फक्त मी चुकीचे प्रश्न विचारले होते. मग तिला दुलई दिली कुणी? देण्याचा हक्क एकट्या कस्तुरीचा होता, आणि ती तर दाराशी बसून माझ्याकडे डोळे लावून होती.

५

कस्तुरीला मी सरळ विचारलं, दुलई तू कुणाला देऊन टाकली होतीस का. तिला तो अपमान वाटला. चेहरा लाल झाला, पण काकांपुढे आवाज चढवायचा नाही हे वळण चांगलं होतं. म्हणाली, देईन कशी, ठेवून गेले होते.

"जाताना इथे कुणाशी बोलली होतीस?"

"अहल्यामावशींशी बोलले. आणि त्या मागे झाडांचं बघतात ना, त्या कानडी अम्मांशी."

मी चमकलो. "कानडी अम्मा?"

"हो, त्याच. दुलई बाबा गेल्यापासून कुणाच्या हातचं खात नव्हती. फक्त त्यांच्या हातचं खायची. मला एवढंच सांगायचं होतं की माझ्या कुत्रीला फक्त तुम्हीच बघा, बाकी कुणाची गरज नाही. अॅक्च्युअली मला कानडी बऱ्यापैकी येतं, काका. ऑटोवाल्यांशी बोलून बोलून शिकले."

"काय बोललीस ते जसंच्या तसं सांग."

ती जरा अभिमानाने म्हणाली, "ई नायी, नीने साकु."

मी कट्ट्यावर बसलो. ऑटोवाल्यांनी या पोरीला साकु म्हणजे पुरे, एवढंच शिकवलं होतं. मीटर बघून पैसे दिले की साकु, थांब म्हणायचं असलं की साकु. तिच्या मनात होतं, या कुत्रीला तू एकटी पुरेशी आहेस. पण 'कुत्रीला' यातला 'ला' तिने खाल्ला. आणि वडीलधाऱ्या बाईला 'नीवे', म्हणजे तुम्हीच, म्हणावं, तर ते आदराचं रूप ऑटोत शिकायला मिळत नाही, म्हणून 'नीने', म्हणजे तूच, म्हणाली. दोन्हींतली एक जरी चूक टळली असती तर अर्थ बदलला नसता. दोन्ही झाल्या, आणि त्या वाक्याचा स्वच्छ, व्याकरणशुद्ध कानडी अर्थ झाला: हे कुत्रं तूच पाळ.

मी तिला हे समजावून सांगितलं. ती बराच वेळ ओठांतल्या ओठांत ते तीन-चार शब्द फिरवत राहिली.

"पण मग त्यांनी मला काहीच का नाही विचारलं?"

"आणखी एक सांगतो," मी म्हणालो. "त्या अम्मा कानडी नाहीत. भार्गवी आमच्यातली आहे. घरात तुझ्यामाझ्यासारखी मराठी बोलते."

६

भार्गवीची नवी जागा स्टेशनाच्या पलीकडे होती. मी, कस्तुरी आणि अहल्या ऑटोने गेलो. तनयला आणि त्या पिंजऱ्याला मागेच ठेवलं. उन्हं उतरायला लागली होती. फाटक ढकललं तर समोरच अंगणात, जुन्या साडीच्या घडीवर, दुलई पसरली होती. गळ्यात काथ्याच्या दोरीचा नवा, मऊ कापड गुंडाळलेला पट्टा.

तिने मान उचलली. नाक हललं. मग ती धडपडत उठली आणि कस्तुरीकडे आली, पळत नाही, तिला पळणं होत नव्हतं, पण शेपटी अशी हलत होती की मागचे पाय डुगडुगत होते. कस्तुरी खाली बसली आणि तिने तिच्या मानेच्या केसांत तोंड खुपसलं. मी आणि अहल्या उभे राहून दुसरीकडे बघत होतो.

दारात भार्गवी उभी होती. ती पळाली नाही, काही लपवलं नाही.

"नव्या जागेला अंगण मिळालं म्हणून सकाळी नेऊन ठेवली आणि अहल्याला सांगायलाच परत आले होते, अण्णा," ती म्हणाली. "बघते तर या आलेल्या. पोलीस पोलीस चाललेलं. मग तोंडच उघडेना. सांगितलं तर नेणार, नाही सांगितलं तर मी चोर. दुपारपर्यंत म्हटलं, अजून स्वल्प वेळ असू दे माझ्याजवळ."

अहल्या तिच्यावर उखडली, इतके महिने एका शब्दाने बोलली का नाहीस म्हणून. भार्गवी म्हणाली, बोलले होते, ही आता माझी झाली असं म्हणाले होते, तेव्हा तू हसून हो तुझीच म्हणालीस. अहल्याला ते आठवलं.

कस्तुरीने विचारलं, "मावशी, तुम्हाला मराठी येतं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत माझ्याशी?"

भार्गवीने पदराशी चाळा केला. मग म्हणाली, "तुम्ही पुण्याचे. आमचं मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात. माझ्या भावाच्या सुनेनं तर माझ्या बोलण्याची नक्कल केलेली. म्हणून तुम्ही कानडीत बोललात, मी पण कानडीतच सरी, बरं म्हटलं. मोलकरणीला म्हणावं तसं नीने म्हणालात, ते लागलं मला. पण पुढचं ऐकलं आणि लागलेलं विसरले. मला आजवर कुणी काही साक म्हणून दिलं नव्हतं."

दोन मराठी बायका एका कुत्रीबद्दल मोडक्या कानडीत बोलल्या होत्या, एक आपली कानडी मिरवायला आणि दुसरी आपलं मराठी लपवायला. दावे तपासताना मी लोकांना लबाडीपायी बुडताना पुष्कळ पाहिलं. लाजेपायी झालेला हा घोटाळा मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त लागला.

"न्या तुम्ही," भार्गवी म्हणाली. "तुमच्या बाबांची ती. गोळ्या सकाळी भाताच्या मुटक्यात घालून द्या, नुसत्या थुंकते. गडगडाट झाला की पोटाशी घ्या." एवढं सांगून ती आत गेली आणि गोळ्यांची बाटली, ताटली घेऊन बाहेर आली. दोन्ही वस्तू तिने कस्तुरीसमोर नीट मांडून ठेवल्या.

कस्तुरीने त्यांना हात लावला नाही. दुलईचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती तिला खाजवत होती, एका विशिष्ट जागी, कानामागे. बाबा तिथेच खाजवायचे, असं म्हणाली. मग बाबांबद्दल बोलत राहिली. संध्याकाळी बाल्कनीत बसून ते दुलईला पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचे. आजारपणातलं फोनवरचं शेवटचं बोलणंही दुलईबद्दलच होतं, तिला एकटीला ठेवू नकोस म्हणून. भार्गवी पायरीवर बसून ऐकत होती. मध्येच ती काही विचारायची, तिच्या त्या कानडी हेलाच्या मराठीत, आणि कस्तुरी उत्तर द्यायची. हसली नाही एकदाही.

"डॉक्टर काय म्हणाले ते तनयने मला सांगितलंय, काका," कस्तुरी अचानक माझ्याकडे न बघता म्हणाली. "आधीच सांगितलंय. मला ऐकायचं नव्हतं. मला वाटायचं, ती माझ्याजवळ असली की बाबा आहेत. ती विमानात एकटी मेली असती, तरी मी म्हटलं असतं की मी तिला बरोबर घेऊन जात होते."

दुलईचे डोळे मिटत चालले होते. श्वास जड येत होता, पण सावकाश आणि एकसारखा. कस्तुरीने तिचं डोकं दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि साडीच्या घडीवर ठेवलं.

"मावशी, झोपलीय ती. मी आत्ताच जाते. जागी झाली तर मला जाता येणार नाही."

भार्गवी उठून उभी राहिली. तिने कस्तुरीच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कपाळाशी बोटं मोडली, आमच्यात लेकीची दृष्ट काढतात तशी. कस्तुरी तिच्या पाया पडली आणि चपला हातात घेऊन, आवाज न करता, फाटकातून बाहेर गेली. अहल्या तिच्यामागोमाग गेली. ऑटो सुरू झाल्याचा आवाज कोपऱ्यापलीकडून आला. कस्तुरीने तो मुद्दाम लांब जाऊन पकडला असणार.

मलाही निघायचं होतं. पण काठी उचलेपर्यंत दुलई जागी झाली. तिने इकडेतिकडे बघितलं, उठली, आणि जमीन हुंगत हुंगत फाटकापाशी गेली. कस्तुरीने जिथे पाऊल टाकलं होतं तिथे नाक लावून उभी राहिली, मग तिथेच बसली, रस्त्याकडे तोंड करून. भुंकली नाही.

भार्गवीने भात कालवला आणि ताटली घेऊन बाहेर आली. मला वाटलं आता हाक मारेल. तिने मारली नाही. ती फाटकाशी गेली, ताटली खाली ठेवली, आणि दुलईच्या शेजारी जमिनीवर बसून तीही रस्त्याकडे बघत राहिली.

मी माझी बस जाऊ दिली.